इंगेबियोर्गची चाल

बर्गन,
१४ जानेवारी २०१८

ति. तोर्गाइरदादास,
सुन्निवाचा शि. सा. नमस्कार. वहिनींनाही. पत्र उशिरा लिहितेय म्हणून तू रागावला असशील, तेव्हा आधी चांगली बातमी सांगते. मे महिन्यात इथल्या मोठ्या सभागृहात माझी नवी रचना होणार आहे. चाळीस मिनिटांची, पूर्ण वाद्यवृंद आणि माझ्या शाळेतली साठ मुलं. रेडिओवरही लागेल.

आता खरं काम. या रचनेच्या मधोमध मला आपल्या नेसवोगच्या हालडोरकाकांची चाल हवी आहे, त्यांनी मला सोळाव्या वर्षी शिकवलेली. पूर्ण वाद्यवृंद थांबेल आणि मी एकटी फिडलवर ती वाजवीन.

तू म्हणशील, बावीस वर्षांपूर्वी विचारलं नाहीस, आता कशाला विचारतेस? खरं आहे. माझ्या पहिल्या सीडीवर सगळ्या चाली माझ्या होत्या, ही एक सोडून. कंपनीच्या माणसाने सरसकट ‘संगीत : सुन्निवा’ छापलं. मी ते छापण्याआधी पाहिलं होतं, दादा. तुला आजवर सांगितलं नाही, पण पाहिलं होतं. मागे पियानो आणि गायकवृंद मी घातलाय, तेव्हा चाल निम्मी माझी झालीच, अशी मी समजूत घालून घेतली. ज्या गावात चाल छेडण्याआधी ती कोणाकडून आली हे सांगितल्याशिवाय गज तारेला लावत नाहीत, त्या गावची मी.

या वेळी त्यांचं नाव छापायचंय. पण त्यांनी होय म्हटल्याशिवाय नाही. तू त्यांच्याकडे जाशील का? मला फोन करायचा धीर होत नाही.

लोभ तुझा आहेच. या कामापुरता थोडा जास्त लागेल.
तुझी,
सुन्निवा


नेसवोग,
२८ जानेवारी

चि. सुन्निवास,
अ. आ., आणि सोबत एक कानपिचकी.

चाळीस मिनिटं! चर्चमध्ये ऑर्गन वाजवून झाला, जहाजावर म्हाताऱ्यांना नाचवून झालं, नाटकांना संगीत दिलंस, विमा कंपनीची ती जाहिरात केलीस (आमचा नातू अजून म्हणतो), पोरांकडून कॉड माशावर ऑपेरा करून घेतलास. आई म्हणायची, ही पोर एका खुर्चीवर बसायची नाही. मी बघ, चौदाव्या वर्षी फेरीबोटीवर दोर ओढायला लागलो, आज पाच माणसांचं वर्कशॉप आहे, पण आयुष्यभर ऐकलं एकच : इंजिन. त्यामुळे कान मात्र तयार आहे. माणूस बोलताना कुठे ठोका चुकतो, ते मला कळतं.

हालडोरकडे रविवारी गेलो. कॉफी, लेफसाची पोळी, तपकिरी चीज, सगळं झालं. हवापाणी झालं, त्याचं दुखणारं खुब्याचं हाड झालं. मग मी विषय काढला. तो बराच वेळ साखरेचा खडा कॉफीत बुडवत राहिला. मग म्हणाला की त्या सीडीचं त्याला काही वाटत नाही. तिथे ठोका चुकला. पुढे म्हणाला, इतकी शिकली-सवरली, राजधानीत जाऊन आली, पण बर्गनहून इथे यायला बस असते हे तिला कोणी शिकवलं नाही वाटतं. मी म्हटलं, ती घाबरते. त्यावर म्हणाला, घाबरायलाच हवं, पण घाबरून येता येतं.

निरोप असा : फिडल घेऊन यायचं. त्याच्या स्वयंपाकघरात बसून वाजवायचं. चाल अजून जागेवर आहे असं वाटलं तर तो होय म्हणेल, नाहीतर नाही. मध्ये मी नको, असंही बजावलंय. मला बरंच वाटलं. त्या दिवशी मी हौगेसुंडला इंजिन आणायला जाईन.

लोभ वाढव असं म्हणत नाही, तो आहे तेवढा पुरे, पत्रं वाढव.
तुझा,
दादा


बर्गन,
१९ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

शनिवारी जाऊन आले. तू हौगेसुंडला पळालास ते शहाणपणाचं केलंस.

काकांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले की बूट बाहेर काढ. बावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले ते मागून, आधी तारा जुळव. खालच्या, नुसत्या गुंजणाऱ्या तरफेच्या तारा इतक्या उतरल्यात की गाईसुद्धा दूध द्यायच्या नाहीत.

वाजवलं. पायाने ठेका धरताच त्यांनी हात वर केला. तिसरी मात्रा मी सरळ केली होती. म्हणाले, ही चाल लंगडत चालते, तू तिला शाळेत घालून कवायत शिकवलीस. दादा, गेली किती वर्षं मी मुलांना ती तशीच शिकवतेय, कागदावर लिहून. चार तास बसवलं. त्यांची बोटं आता वळत नाहीत, म्हणून ते तोंडाने गुणगुणत होते आणि माझ्या गुडघ्यावर थापटत होते. शेवटी एकदा ती लंगडली. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, वाजव सभागृहात.

मग मी माफी मागितली. सगळं सांगितलं, छापण्याआधी पाहिलं होतं हेही. त्यांनी माझ्या कपात स्वतःहून कॉफी ओतली.

खटकलं ते पुढे. मी कागद काढला आणि विचारलं की कार्यक्रमपत्रिकेत पूर्ण माळ छापते, तुमच्या तोंडून पुन्हा सांगा, तुमच्याकडे चाल कोणाकडून आली? एवढं ऐकून ते उठले आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागले. पाठ माझ्याकडे. नेहमीप्रमाणे म्हणाले की वरच्या वाडीच्या सिगुर्डकडून. तुझ्यासारखा कान मला नाही, पण ठोका चुकला. मी काही बोलायला गेले का रे जास्त? होय म्हटलेलं मागे तर घेणार नाहीत ना?

पत्रिका एप्रिलमध्ये छापायला जाते. तोवर माझा जीव टांगणीला आहे, आणि तुझा लोभ तरी जागेवर असू दे.
सुन्निवा


नेसवोग,
२ मार्च

सुन्निवास,
हालडोरचे आशीर्वाद. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा पोरी, सांभाळून घे.

चाल सिगुर्डची नाही. त्याला ती येतसुद्धा नव्हती. ती त्याच्या बायकोची, इंगेबियोर्गची. मी पंधरा वर्षांचा होतो. सिगुर्ड हिवाळ्यात मासेमारीला जायचा आणि मी त्यांच्याकडे लाकडं फोडायला. ती पडदे ओढून घ्यायची आणि नवऱ्याचं फिडल काढायची. तेव्हा प्रार्थनामंदिरवाल्यांना फिडल म्हणजे सैतानाचं हत्यार, त्यातून बाईच्या हातात! तिनेच मला सांगितलं की कोणी विचारलं तर सिगुर्डचं नाव घे.

एकोणिसाव्या वर्षी मी ती स्पर्धेत वाजवली. पहिल्या रांगेत ती बसली होती. मी उभा राहून म्हणालो, सिगुर्डकडून आलेली चाल. तिने टाळ्या वाजवल्या. मग सिगुर्ड गेला, ती गेली, ती प्रार्थनामंदिरातली माणसंही गेली. मला अडवणारं कोणी उरलं नाही, तरी मी सिगुर्डच म्हणत राहिलो. बाईकडून शिकलो म्हणायची आधी लाज, आणि नंतर इतकी वर्षं खोटं बोललो याची लाज.

तुझी ती सीडी आली तेव्हा मी पेटलो होतो. आता वाटतं, निम्मा राग माझ्यावरचाच होता. तू एकदा नाव गाळलंस. मी प्रत्येक वेळी गाळलं.

तर पत्रिकेत तिचं नाव घाल. माझं काढून टाक. मला तो हक्क उरला नाही.

थंडी आहे, बोटं सांभाळ. चुकलंमाकलं पदरात घे.
हालडोर


नेसवोग,
२९ मे

चि. सुन्निवास,
अ. आ.

तिकीट तू पाठवलं होतंस, तरी मी आलो नाही, म्हणून चिडली असशील. तुझी वहिनी येऊन रडून गेलीच. मी हालडोरच्या स्वयंपाकघरात रेडिओपाशी बसलो होतो. एकट्याने ऐकणार नाही म्हणाला, आणि दोघांनी ऐकणार नाही असंही म्हणाला, तेव्हा मी गुपचूप बसून राहिलो.

वाद्यवृंद थांबला. तुझा आवाज आला की ही चाल इंगेबियोर्गची, तिच्याकडून हालडोरला, हालडोरकडून मला. म्हातारा म्हणाला, हिला नको म्हटलं होतं. रेडिओ मोठा करून पुन्हा तेच म्हणाला. मग तू वाजवलंस. संपल्यावर मी विचारलं, लंगडली का? म्हणाला, लंगडली, पण जरा शहरी लंगडली.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच्याकडे कॉफीला गेलो, तर थोड्या वेळाने दारात बस उभी! आपली रूटची बस, प्रवाशांसकट. चालवणारी गुद्रुन, इंगेबियोर्गची नात, बावन्न वर्षांची. तिने रात्री रेडिओ ऐकला होता. तिला आजी आठवते ती विणकाम करणारी आणि गप्प. आजी वाजवायची हे त्यांच्या घरात कोणालाच माहीत नाही. उंबऱ्यातच तिने हालडोरला विचारलं की आजी कशी वाजवायची, मला ऐकायचंय. त्याने आपले हात पुढे केले आणि म्हणाला, यातून आता काही येत नाही. बसमधले लोक काचेला नाक लावून बघतायत. शेवटी तिने विचारलं की या वयात शिकता येतं का? म्हणाली, मी आजवर फिडल हातातसुद्धा धरलं नाही.

हालडोरने माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला की येतं, पण शिकवणारी बर्गनला असते.

तेव्हा शनिवारी यायचं. पहिली बस गुद्रुनच चालवते, तिच्याबरोबरच उतरायचं. तू शिकवणार, ती वाजवणार, तो बसून दोघींच्या चुका काढणार. कागद आणायचा नाही, असं त्याने तीनदा सांगितलंय.

लोभ आहे, कॉफीही आहे.
तुझा,
दादा