मागच्या जिन्याचं कुलूप

प्रिय वाएल,

त्या सकाळी मुलुखियाच्या भाजीची पानं निवडून झाली होती. देठ अयादच्या शेळ्यांसाठी वेगळे बांधले, चहाचा चोथा नि अंड्यांची टरफलं पिशवीत भरली आणि स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून बसले. तुझ्या जन्माआधीपासून अयाद पाठीवर टोपली घेऊन मागच्या लोखंडी जिन्यानं पाच मजले चढून कचरा न्यायला येतोय. त्या दिवशी नुसती खालून हाक आली, "वाएलच्या आई, जिन्याला कुलूप घातलंय हो!"

कुलूप फत्हींनी घातलेलं. इमारतीच्या मालकसंघाचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांचा आवाज दोन मजले वर चढलाय. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कचरा उचलायचं काम कंपनीकडे गेल्यापासून कैरोभर विजेच्या बिलातच तिचे पैसे कापले जातात, मग अयादला वेगळे कशाला द्यायचे? पण कंपनीची माणसं जिना चढत नाहीत. नाक्यावर एक डबा ठेवलाय, तो दुपारपर्यंत ओसंडतो आणि मांजरं पिशव्या फाडतात. पैसे भरून वर आठवडाभर मीच गुडघा धरून पाच मजले उतरले नि चढले. तू फोनवर म्हणालास, "आई, विकून टाक ते घर, माझ्याकडे ये, इथे लिफ्ट आहे." त्या दिवशी मलाही ते पटलं होतं.

तुला ठाऊक नसेल, अक्षरं मी तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून गिरवली, पण वाचनाची गोडी अयादमुळे लागली. कचऱ्यात आलेली, पुठ्ठा निघालेली पुस्तकं तो झटकून माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. म्हणून संघाची नियमावली मागवून मीच वाचली. सामाईक जिना बंद करायचा तर प्रत्येक मालकाची सही लागते.

शुक्रवारच्या बैठकीत मी ते सांगितलं. फत्ही म्हणाले, "अहो, रोट्यांसाठी बाल्कनीतून दोरीला टोपली सोडता ना? तशीच सोडा कचऱ्याची!" मी म्हटलं, "सोडते की. वाटेत तुमची बाल्कनी लागते, तेवढं वाळत घातलेलं काढून ठेवा." सगळे हसले, त्यांची बायको सगळ्यात मोठ्यानं. मग त्यांनी नोंदवही उघडली. "मालक म्हणून इथं तुमच्या यजमानांचं, सबरींचं नाव आहे. हरकत घ्यायची तर त्यांना पाठवा." कुणी हसलं नाही. मी उठून घरी आले.

घर तुझ्या बाबांनी माझ्याच नावावर घेतलं होतं. वहीत नाव त्यांचं, कारण बैठकांना तेच जायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. ते नाव बदलायला मला कुणी अडवलं नव्हतं. दर बैठकीत हजेरी घेताना ते पुकारलं जायचं, आणि मी "हजर" म्हणायचे. तेवढं मला पुरत होतं.

घर विकायचं नाही हे तुला माझ्याकडून कळावं, आणि बाबांचं नाव निघाल्याचं दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी खरेदीखत घेऊन मी खाली गेले, वहीतल्या त्यांच्या नावावर रेघ मारली, खाली माझं नाव लिहिलं, सही केली आणि फत्हींकडून किल्ली मागून घेतली.

तुझीच, पाचव्या मजल्यावरची आई,
इन्साफ