जावयाच्या बोटाचं माप

१८ मे
अधिक महिना लागला. अनारशांचं पीठ तयार आहे. वाणासोबत अमरला अंगठीही द्यायची, या वेळी नीट. लग्नातली मधुराने काल परत आणून दिली. "आई, ही तो घालणार नाही. मी सांगून थकले."
लग्नाआधीच हे गेलेले, सगळं एकटीने. घाईत तयार अंगठी घेतली. वर चपटी चकती, तिच्यावर 'अ'. लहान वाटली, दुकानाने वाढवून दिली. तरी मांडवात सांध्याशी अडकली. विहीणबाई सगळ्यांसमोर: "जावयाचं बोट बघायला सवड न्हवती व्हय पावण्यांना?" हशा. अमर तेवढा हसला नाही. अजूनही इथे जेवायला आला की ताटाबाहेर बघत नाही.

२१ मे
गुजरीत गेले. पोतदार, आमचे जुने सोनार. भिंग लावून बघितली. मागची पट्टी कापून तुकडा घातलाय, जोड उघडा दिसतो. शिवाय ताणलीय, त्यामुळे चकती वाकली, अक्षर कलंडलं. म्हटलं, अजून थोडी वाढवा.
"आनि किती वडू वहिनी? च्युइंगम हाय काय?"
मग समजावलं. लेथवर काम करणाऱ्याचा सांधा जाड, बोट मुळाशी बारीक. सांध्यावरून जाईल एवढी वाढवली की आत फिरणार, कारण वजन सगळं वरच्या चकतीत. नवीन घडवताना खालची बाजू जाड आणि किंचित चौकोनी ठेवता येते. मग चकती जागेवर राहते. अक्षर सगळ्यात शेवटी कोरायचं. "पन मानूस आना. मापाशिवाय मी हात लावनार न्हाय."
परत येताना शाळेचा ब्लेझर आठवला. ताईचा, मला आत घेतलेला. खिशावरचं शाळेचं चिन्ह सरकून काखेत गेलं होतं. सिस्टर रोज प्रार्थनेच्या वेळी माझा हात वर करायला लावायच्या, चिन्ह दिसावं म्हणून. मुली खुसुखुसु हसायच्या. पुढच्या वर्षी आईने नवा शिवला. किती दिवस घरातही घालून बसायचे.

२४ मे
मधुराला म्हटलं, तूच विचार त्याला. "अजिबात नाही. जावई तुझा आहे."
तयार अंगठी डबीत घालून ताटात ठेवता येते, बोलावं लागत नाही. इथे आधी बोट मागायचं.
शेवटी मीच अमरला फोन केला. मागे मशीनचा आवाज.
"आता माप?"
"हो. आता."
मग "बघतो." ठेवला.

२९ मे
आला! कामावरून थेट दुकानात, नखांत तेल. पोतदार मापाच्या कड्या एकेक घालून बघत होते. सांध्यावर जुना व्रण. मी विचारलं, हे कधीचं?
"हळदीच्या आदल्या आठवड्यातलं. लोखंडी जॉबखाली बोट सापडलं. लग्नात सुजलेलंच होतं."
"बोलला नाहीस?"
"कोण इचारलं?"
रागाने नाही म्हणाला. साधं सांगितल्यासारखं. मी रुमाल पुढे केला, तेल पुसायला. चांगला पांढरा होता. त्याने घेतला.
पोतदार: "दिवसभर राबलेलं बोट हाय हे, फुगलंय. मंगळवारी सकाळी परत या. दोन्हीच्या मधलं माप धरू."
"सकाळी मशीन चालू असतंय माझं."
"आमी नऊला उघडतो की."
अमरने हेल्मेट घातलं. मी म्हटलं, मी असेन इथे. मान हलवली की हेल्मेटचा पट्टा ओढला, कळलं नाही.

२ जून
गुजरीत, दुकानाच्या बाकावर. नऊ वाजून गेले. मधुरा फोनवर म्हणाली, घरातून निघालाय, पण कुठे ते बोलला नाही. कारखान्याचा रस्ताही इकडूनच.
पोतदारांनी कड्यांचा जुडगा काढून ठेवलाय. चहा सांगत होते. "किती सांगू वहिनी? दोन का तीन?"
तीन म्हटलं.