आईला साखर आहे का, हे विचारलंच नाही

शुक्रवार, २१ ऑगस्ट २००९, सापगाव

आई वाचली. तरी माझा राग उतरत नाहीये.

दादाला आणि आईला एकाच दिवशी ताप-खोकला सुरू झाला. दादा चौथ्या दिवशी कामाला गेला. आईला मात्र धाप लागली. शहापूरच्या डॉक्टरने दोघांना सारख्याच गोळ्या दिल्या होत्या. "व्हायरल आहे," म्हणाला. साखर आहे का, एवढंही विचारलं नाही. आणि मी? आई जेवत नाही म्हणून तिची साखरेची गोळी मीच बंद केली. कोणाला विचारून?

शेवटी आईला कल्याणच्या इस्पितळात भरती करावं लागलं. आज तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "साखर वाढली की शरीराची लढायची ताकद सुस्तावते, विषाणूला फुप्फुसात मोकळं रान मिळतं. तापाने साखर आणखी चढते." दहा वर्षं आई गोळी खातेय. हे आम्हाला कुणीच का सांगितलं नाही? साखर आहे का, तीनच तर शब्द!

"त्या शहापूरच्या डॉक्टरला जाब विचारते," मी म्हटलं.

आईने नाकावरची ऑक्सिजनची नळी सरकवली. "नको गो. चांगला मानूस हाय. मला बसायला खुर्ची दिली त्यानं."

खुर्ची दिली म्हणून! आईवर इतकी मी कधीच चिडले नव्हते.