आजोबांच्या पत्रातलं गाळलेलं वाक्य

धुळे, शनिवार, संध्याकाळ

उद्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात आजोबांचं पत्र वाचायचं आहे. दुसऱ्या महायुद्धाला बोटीतून जाताना त्यांनी आपल्या आईला लिहिलेलं. ‘चारी बाजूले बठ्ठं पानीच शे, मा. काठ दिखत नही. माले भ्याव वाटस.’ ते परतलेच नाहीत.

आज संयोजक नाना मूळ पत्र चाळून म्हणाले, “ते भ्याव, ते भीतीचं वाक्य गाळा, भाऊ. लोक शूर माणसाला ऐकायला येतात.”

मी तडकलो. पण मला तडकायचा काय हक्क? वीस वर्षं हे पत्र व्यासपीठांवर गाजवतोय आणि ते वाक्य दरवेळी मीच गिळलंय. टाळ्या कमी पडतील म्हणून?

घरी येऊन आत्याला, म्हणजे त्यांच्या लेकीला, पत्र पूर्ण वाचून दाखवलं. पंच्याऐंशीची आहे. बाप तिला आठवत नाही. ‘भ्याव वाटस’ ऐकलं आणि म्हणाली, “आते माले माना बाप दिखना. इतला दिन तू कोना बाप सांगी ऱ्हायंता रे?”

आज कुठे तिला तिचा बाप दिसला; इतके दिवस मी भलत्याच कुणाचा तरी बाप सांगत होतो.

उद्या तिला पहिल्या रांगेत बसवणार आणि ते वाक्य वाचणारच. नानांनी माइक बंद केला तर खुशाल करावा. माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. जो कधीच घाबरला नाही, त्यानं तिथून उठून मला थांबवावं.