वरचं पाणी

९ जानेवारी
सगळी सकाळ मीटिंगमध्ये गेली. आमच्या भूजल खात्यात आता ‘हवामानबदल अनुकूलन’ आलं आहे. नवा शब्द आला की आमच्याकडे आधी फाईल उघडते, अर्थ मागाहून कळतो! पण या वेळी श्रुतिका मॅडमनी – वयानं माझ्याहून कितीतरी लहान, पण माझ्या साहेब – सरळ सांगितलं. पाऊस चार दिवसांत धो धो पडून वाहून जातो, जमिनीत मुरत नाही. तिकडे समुद्र चढतोय. खाडीकाठच्या विहिरी तपासायच्या, आणि जिथे खारं पाणी शिरलंय तिथला पंप बंद.

पहिलं गाव गोराई. म्हणजे माझं माहेर. म्हणजे आमची विहीर, आणि तिच्या पंपावर चालणारी दादूसची, माझ्या मोठ्या भावाची, भाजीची बाग. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला पाठवू का? नको, मीच जाते म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

१६ जानेवारी
बोटीनं गोराईला. दादूस – नाव अल्फान्सो – वाफ्यात होता. मुळ्याची पानं कडेनं करपलीत. खत जास्त झालं म्हणतो.

दोन बाटल्या भरल्या. एक वरची, एक दोरीनं तळाला सोडून. वरचं पाणी गोड. तळाचं खारट – मीटर लावायचीही गरज नव्हती, तरी लावला.

दादूसनं बादली ओढली, ओंजळभर प्याला. “गोड हाय. बापूस प्याला, मी प्यालो. आनी तुझा मीटर शहाना?”

मीटर खोटा नाही आणि दादूसही नाही. खारं पाणी जड, ते खाली बसतं. गोड पाणी त्याच्यावर, सायीसारखं. बादली साय काढते. पंपाचं तोंड मात्र तळाशी, तो खालचं खारं वर ओढतो आणि गोडाचा थर पातळ करत नेतो. हे सगळं त्याला समजावलं. तो वाफ्याकडे बघत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “मेमध्ये ट्रिशाचं लगीन. आनी तू विहीर बंद करशील?”

ट्रिशा त्याची मुलगी, मी तिची गॉडमदर. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, उंबराचं पाणी आणायचं, त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. आमच्या घरात पहिली कळशी गॉडमदर भरते. ट्रिशा पाळण्यात होती तेव्हापासून मी या कळशीची वाट बघतेय.

१७ जानेवारी
अहवाल लिहायला बसले. तळाचा आकडा थोडा कमी लिहिला तर? कुणाला कळणार? मलाच कळणार. खरा लिहिला. खाली माझी शिफारस – पंप काढावा, पण विहीर बुजवू नये. बादलीनं पाणी काढू द्यावं, वरचं पाणी टिकेल. सही करताना मॅडमनी विचारलं, “टिकेल हे नक्की ना, कार्मेनताई?” नक्की, म्हटलं.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
आदेश निघाला, पंप उतरवला. संध्याकाळी गोराईच्या चर्चमध्ये दादूस माझ्या पुढच्याच बाकावर. कपाळाला राख लावून परतताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर वहिनी हळूच म्हणाली, उंबराच्या पाण्याला ते दुसरीला बोलावणार आहेत.

घरी येऊन रडले. खूप.

२७ फेब्रुवारी
समुद्र काही मी चढवला नाही, दादूसनंही नाही. मग भांडण आम्हा दोघांत का? कारण समुद्राशी भांडता येत नाही. आमचं खातंही भांडत नाही – ज्याचा पंप हाताशी सापडतो त्याचा बंद करतं. पण नाही केला तरी विहीर जाणारच. हे कितीही उलटसुलट केलं तरी मन शांत होत नाही.

३ मार्च
फोन केला. उचलला नाही.

१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
दादूस आला! बोरिवलीला, माझ्या घरी! पिशवीत लाल माठाची जुडी. अर्धी बाग सोडून दिली, उरलेल्या वाफ्यांना बादलीनं पाणी घालतो. खांदे भरून आलेत त्याचे. पण पानं आता करपत नाहीत म्हणाला, भिंतीकडे बघून.

चहा संपवून उठला आणि दारात थांबला. “पहिली कळशी तूच भर. वरचं पानी टिकल, असं कागदात लिवलंस ना? बघू.”

तो गेल्यावर माठ निवडताना मी चक्क गुणगुणत होते.

१० मे
उंबराचं पाणी. बँड, गाणी, सगळं गाव विहिरीवर. दोर दादूसनं ओढला, कळशी मी धरली. त्यानं आधी ओंजळभर चाखलं. उरलेलं खाली सोडलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गोड हाय, बाय.”

मी प्यायले. खारट.

तो दोर गुंडाळत होता, मान वर करत नव्हता. ट्रिशा माझ्याकडे बघत होती.

“हो, गोड आहे,” मी म्हटलं.