संदर्भ लावून घेतो, मग लिहितो

३ जानेवारी
आजपासून प्रबंध. आठवं वर्ष, शेवटची मुदतवाढ. ३० जूनपर्यंत दिला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे सहा महिने आहेत, भरपूर झाले. विषय पदपथांची रुंदी. मोजमापं केव्हाच तयार. फक्त लिहायचंय. पण आधी संदर्भ नीट लावले पाहिजेत. त्यासाठी फुकटातलं एखादं चांगलं सॉफ्टवेअर निवडतो. दोन दिवसांचं काम.

१९ जानेवारी
चार सॉफ्टवेअर उतरवली. तुलनेचा तक्ता केला, सत्तावीस रकाने. बायकोला दाखवला. छान आहे म्हणाली, आणि पहिल्या प्रकरणाचं काय झालं विचारलं. तिला पद्धतशीर काम कळत नाही. दोन वर्षं उन्हातान्हात पदपथ मोजताना टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं, हे मान्य. पण टोक धरणं वेगळं.

११ फेब्रुवारी
निळ्या चिन्हाचं पक्कं. १०६ संदर्भ हाताने भरले. नवीन नोंदीला 'वाचायचं आहे' अशी खूण आपोआप पडते. उत्तम सोय.

२ मार्च
निळं बाद. लेखकांची नावं उलटी छापतं. सगळं हिरव्यात हलवलं. हलवून बघतो तर २१२! सॉफ्टवेअरने स्वतःहून नवे शोधले असावेत. फुकटात एवढं कोण देतं?

२३ मार्च
हिरवं फार हळू चालतं. काळ्यात गेलो. ४२४.
पहिलं प्रकरण: मथळा ठळक केला.

१५ एप्रिल
आता पिवळ्यात. ८४८. गाइड मॅडमना फोन करून आकडा सांगितला. त्यांनी पानं किती झाली विचारलं. मी तक्त्याबद्दल सविस्तर बोललो. त्यांनी मध्येच फोन ठेवला. भारावल्या असाव्यात.

७ मे
सकाळपासून खुर्चीत. काहीच वाटत नाही. भीती नाही, घाई नाही. यालाच एकाग्रता म्हणत असावेत.

८ मे
तेच.

९ जून, दु. ३
ग्रंथपाल बाईंना काम दाखवायला गेलो. थोडं कौतुक व्हावं एवढीच अपेक्षा. त्यांनी एक बटण दाबलं आणि ८४८ चे १०६ झाले. म्हणाल्या, प्रत्येक नोंद आठ-आठ वेळा होती. मग 'वाचलेले' उघडलं. तीन. दोन गाइड मॅडमचे लेख. तिसरा माझाच, पहिल्या वर्षीचा सारांश. बाईंनी न मागता पाणी आणून दिलं. बटण कुठलं ते विचारायचं राहिलं.

१० जून
वीस दिवस आहेत. रोज दहा पानं म्हणजे दोनशे. हिशोब बसतो. उद्यापासून.

२९ जून, स. १०
कंबर कसून बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: 'पदपथ चालण्यासाठी असतात.' याला संदर्भ हवा. १०६ मध्ये सापडला नाही. वाक्य खोडलं.

१२ जुलै
विद्यापीठाचं पत्र आलं. दोन ओळी. नोंदणी रद्द.
बायकोने वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं. भांडेल असं वाटलं होतं, मी उत्तरंही तयार ठेवली होती. ती आतून टेप घेऊन आली. माझं टेबल काढून तिथे मुलीचा पलंग बसतो का बघायचंय म्हणाली. दुसरं टोक धर म्हणाली. धरलं. भिंत नऊ फूट चार इंच. तिने आकडा बघितला आणि म्हणाली, एवढंच असतं रे, मोजायचं आणि लगेच लिहून टाकायचं. मग रडली. मी टोक धरून उभा होतो. मला वाईट वाटायला हवं होतं.

संध्याकाळी टेबल हलवण्याआधी पिवळ्यात पत्राची नोंद करून टाकली. प्रकार: पत्र. लेखक: कुलसचिव. पानं: एक. खूण आपोआप पडली: वाचायचं आहे.