डिशच्या मधोमध डाग

२ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. कुणी वाचणार नाही, तरी अक्षर नीट काढतोय.
पीएचडीचं सातवं वर्ष. विषय: ताण आला की अंगात जे हार्मोन वाढतं, ते डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींची वाढ कशी रोखतं. पेशींवर रिसेप्टर असतात. रिसेप्टर कुलूप, हार्मोन किल्ली. बायकोला समजावलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय.
वीस तारखेला कमिटी. रिझल्ट नसेल तर नाव कमी. मी मात्र शांत आहे. झोप लागत नाही, ती उत्साहामुळे.

६ मार्च
सापडलं! नवा मायक्रोस्कोप कुणीतरी अडवला होता, म्हणून एका डोळ्याने बघायचा जुना काढला. उजवा डोळा लावला. पेशी वाढवलेल्या, हार्मोन घातलेल्या काचेच्या डिशमध्ये मधोमध गोल, करडा डाग. तिथे एकही पेशी नाही. वाढ बंद!

७ मार्च
परिणाम भलताच पक्का. डिश कुठेही सरकवा, डाग मधोमधच.

९ मार्च
हार्मोन न घातलेल्या डिशमध्येही डाग. मग लक्षात आलं, थेंब उडाला असणार. एका थेंबात एवढी ताकद!

१२ मार्च
फोटोत डाग येत नाही. कॅमेरा भिकार. गाइड मॅडमना बोलावून दाखवलं, त्यांनाही दिसेना. वय झालंय त्यांचं, काय बोलणार.

१३ मार्च
बायकोला सांगितलं, नाकाला काहीतरी लागलंय, तोंड धू. धुऊन आली. अजून आहे म्हटल्यावर भडकली. म्हणाली, डोळे तपासून घे. कमिटी झाली की बघू.
दाराची चौकटही वाकलीये. घरमालकाच्या कानावर घालायला हवं.

१६ मार्च
चुकून रिकामी डिश लावली. डाग आहे.
आज लवकर घरी.

१८ मार्च, दुपार
बायकोने धरूनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचा स्कॅन दाखवला. पडद्यामागे पाणी साचलंय. गोल. बरोबर मधोमध.
त्यांनी विचारलं, सध्या काही ताण आहे का? मी नाही म्हणालो. बायको हसली, मग तिला रडू आलं.
डॉक्टर समजावू लागल्या की ताणामुळे एक हार्मोन वाढतं, आणि पडद्याजवळच्या पेशींवर त्याचे रिसेप्टर असतात. मी म्हणालो, मला माहीत आहे.
बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं म्हणे. तोवर ताण घ्यायचा नाही.
परवा कमिटी.
स्कॅनचा प्रिंट मागून घेतला. इतका स्वच्छ रिझल्ट मला आजवर मिळालेला नाही. भीती वाटतेय, डोळ्याचीही आणि कमिटीचीही.
बाहेर आल्यावर बायको म्हणाली, कमिटीला हाच दाखव. थट्टेत म्हणाली की मनापासून, ते बघायला तिच्याकडे वळलो. उजवा डोळा मिटून डाव्याने बघायचं सुचलं नाही; सुचून उपयोगही नव्हता. दोन्ही भरून आले होते. तिचा चेहरा काही दिसला नाही.